बरणीतली मोहरी

साखरप्याच्या बाजूनं आंबा घाट चढत होतो. मे महिना, दुपारचे साडेतीन, डिकीत हापूसच्या सहा पेट्या. मागच्या सीटवरून सई म्हणाली, "पप्पा, हे काय वाजतंय?" मी कान दिला. इंजिनाची घरघर होती, खाली केलेल्या काचेतून येणारा गरम वारा होता, चौपदरी रस्त्याच्या कामावरच्या डंपरचा आवाज होता. "पेट्या करकरतायत," मी म्हणालो. "पेट्या नाहीत. पुढं वाजतंय. काचेच्या बरणीत कुणीतरी मोहरी हलवतंय तसं." मी पाय जरासा उचलला. "आता थांबलं." परत दाबला. "आता परत." बायकोनं मान हलवली, तिलाही ऐकू येत होतं. मी आरशातून आईकडं बघितलं. शहात्तर वर्षांची आई पदरानं वारा घेत म्हणाली, "मला तर बाई काही येत नाही ऐकू." गाडीत चार माणसं. दोघींना ऐकू येत होतं, दोघांना नाही. आणि एक्कावन्नाव्या वर्षी मी आईच्या बाजूला होतो.

मोहरी म्हणजे काय ते मला लगेच कळलं होतं. ऐकू न येताच कळलं होतं, हेच जास्त लागलं. इंजिन नॉक मारत होतं, म्हणजे आतला वायू नको तेव्हा आपणहून भडकत होता. आणि त्या गाडीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, आठ दिवसांपूर्वी मी स्वतः, माझ्या हातानं, पुण्याहून मागवलेल्या स्ट्रोब लाइटच्या, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात लावलं होतं.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी, मूळची फियाट, १९७९ ची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८६ साली सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. तेव्हा ती आकाशी होती, नंतर पांढरी झाली, आता परत आकाशी आहे. अण्णा शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनतात तिथं, लागले आणि पुढं अठरा वर्षं फेटलिंगचे सुपरवायझर होते. ज्यांनी फेटलिंग शॉप बघितलेलं नाही त्यांना काय सांगावं? कास्टिंगवरचा जादा लोखंडाचा कचरा छिन्नी-ग्राइंडरनं काढायचा, दिवसभर, पत्र्याच्या छपराखाली, पन्नास माणसांनी एकाच वेळी. तिथं माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलतात आणि घरी आल्यावरही थोडं ओरडूनच बोलतात. आमच्या घरात रेडिओ कायम मोठा असायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात तसा असतो.

अण्णा कंपनीच्या कामाला मद्रासला गेले होते तेव्हा त्यांनी शोलावरमच्या रेस बघितल्या. दुसऱ्या महायुद्धातली जुनी विमानांची धावपट्टी, तिच्यावर पळणाऱ्या गाड्या, आणि त्यांत आपल्यासारख्याच फियाट. वरून सारख्या, आतून वेगळ्या. ते परत आले ते हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, घासायचं खूळ डोक्यात घेऊनच. आता कोल्हापुरात अशी खुळं पुरवायला जागा लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात हाक मारली की लेथवाला, बोअरवाला, हेड फेसिंगवाला, सगळे चहाच्या एका टपरीवर भेटतात. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास, आणि त्यातले दहा तर घाटात उतरून ढकलतात असं अण्णाच म्हणायचे. कंपनीचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला वायू किती पट दाबला जातो ते, साडेसाताच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या त्या वेळच्या पेट्रोलला झेपेल एवढं. हेडचा खालचा पृष्ठभाग घासला की ज्वलनाची खोली लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं, त्याच थेंबातून जास्त जोर निघतो. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. अण्णांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हेड उलटं ठेवलं, वर भोक पाडलेली काच ग्रीस लावून बसवली आणि डॉक्टरकडून आणलेल्या सिरिंजनं त्या भोकातून रॉकेल सोडलं. किती सीसी मावलं ते मी कॅलेंडरच्या मागं लिहून घेत होतो. चार खोल्यांची चार मापं. आईनं त्यानंतर ओटा तीन वेळा धुतला तरी आठवडाभर पोळ्यांना रॉकेलचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी हेडवरून ऐंशी थाऊ, म्हणजे इंचाचे ऐंशी हजारांश, काढले. दोन मिलिमीटर. कॉम्प्रेशन साडेआठाच्या वर गेलं, आणि गाडी खरंच बदलली. रंकाळ्याच्या रस्त्यावर तिसऱ्यात पाय दाबला की पाठ सीटला टेकायची. पद्मिनीत पाठ सीटला टेकणं म्हणजे काय, ते पद्मिनी चालवलेल्या माणसालाच कळेल.

पण पेट्रोल तेच होतं ना! साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं. ९३ चंही निघायचं, पण ते मोठ्या शहरांत. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद असा समज आपल्याकडं घट्ट आहे, पंपावरची पाटीही तसंच सुचवते. खरं तर ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा संयम. दाबलं, तापवलं, तरी ठिणगी पडेपर्यंत पेटायचं नाही, हा त्याचा गुण. कॉम्प्रेशन वाढवायचं आणि संयम तेवढाच ठेवायचा, तर मधली तडजोड टायमिंगनं करावी लागते. प्लगमधून ठिणगी पडली की सगळा वायू एकदम पेटत नाही, ज्योत पसरत जाते. तिला दोनेक मिलिसेकंद लागतात. एवढ्यात काय होतं म्हणाल, तर ३००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, १८ अंश फिरून जातो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकायची, म्हणजे तो खाली यायला लागला की नेमका धक्का बसतो. उशीर केला तर जोर सायलेन्सरमधून वाया. घाई केली तर पिस्टन अजून वर चढतोय तोवरच दाब वाढतो आणि कोपऱ्यात न पेटलेला जो वायू शिल्लक असतो तो आपणहून, एका झटक्यात भडकतो. मग सिलिंडर घंटेसारखा वाजतो. घंटा लहान तर आवाज बारीक. ६८ मिलिमीटरच्या बोअरचा हा आवाज जवळजवळ आठ हजार हर्ट्झला पडतो. हा आकडा मी नंतर, घाटातून आल्यावर, कागदावर काढला. तो का काढला ते पुढं येईलच.

आमचं टायमिंग लावायचे वस्ताद. उद्यमनगरातच त्यांचं गॅरेज, दारात निंबाचं झाड, झाडाला टायर टांगलेला. ते तालमीतलेही वस्ताद होते की नुसते गॅरेजमधले, मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण कान मात्र तालमीतल्या माणसासारखेच मोडलेले होते. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला ते डेल्को म्हणायचे, सगळेच म्हणतात. प्लगचा गॅप हॅकसॉ ब्लेडच्या जाडीनं, डेल्कोतल्या पॉइंटचा, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणाऱ्या टिकल्यांचा, गॅप लग्नपत्रिकेच्या कागदानं. आणि टायमिंग सिगरेटच्या पाकिटातल्या पातळ कागदानं. ही गोष्ट मी किती वेळा बघितली आहे! पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा, हवा अंगठा ढकलायला लागली की पुलीची खूण जुळवायची. मग कागदाची पट्टी पॉइंटच्या दोन टिकल्यांमध्ये घालून डाव्या हाताच्या चिमटीत हलकी ताणून धरायची आणि उजव्या हातानं डेल्को केसभर, केसभर फिरवत राहायचं. पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी कागद सुटतो. ओढून नाही काढायचा, सुटला पाहिजे. "ओढलास तर तू काढलास, सुटला तर तिनं सोडला," वस्ताद म्हणायचे. मग गाडी पंचगंगेच्या पुलापलीकडच्या चढाला न्यायची, तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबायची, आणि वस्ताद डोळे मिटून शेजारी बसायचे. नॉकिंगला त्यांचा शब्द होता, दिंडी. "दिंडी निघाली बगा अण्णा. टाळ वाजायलेत." खाली उतरून पुन्हा केसभर मागं. टाळ ऐकू यायचे थांबले की तिथून अजून अर्धा केस मागं, उन्हाळ्यासाठी. मग छिन्नी घेऊन डेल्कोच्या बुडावर आणि ब्लॉकवर मिळून एकच घाव. झाली खूण. घासलेल्या हेडला, त्या पेट्रोलवर, एवढंच झेपेल अशी ती खूण होती. अण्णांना ती कमी वाटायची. "पिकअप थोडा मरतोय वस्ताद." वस्ताद हात पुसत म्हणायचे, "पिकअप पायजे का पिस्टन पायजेत?"

१९९५ च्या मे महिन्यात आम्ही रत्नागिरीहून आंबे घेऊन येत होतो. हाच घाट. तेव्हाही सहा पेट्या होत्या, का आठ, यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही. मी एकवीस वर्षांचा, पुढच्या सलग सीटवर अण्णांशेजारी. गाडी मस्त ओढत होती. अण्णा खुशीत होते, हँडलवरचा गिअर तिसऱ्यातच ठेवून वळणं घेत होते. वरच्या अंगाला, आंबा गाव चार-पाच किलोमीटरवर राहिलं असताना, एकदम ठक्क असा आवाज झाला आणि मागच्या काचेतून निळा धूर दिसला. मी एस.टी.नं कोल्हापूरला आलो, वस्तादांना घेऊन रात्री दहाला परत पोचलो. वस्तादांनी प्लग काढले. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे-रुपेरी ठिपके होते, मिरपूड शिंपडल्यासारखे. ते वितळलेल्या पिस्टनचे होते. अण्णा म्हणाले, "भेसळ. त्या पंपावर घातलं तेव्हाच मला वास आला होता." भेसळ त्या काळात नवी नव्हती. रेशनचं निळं रॉकेल कुठं कुठं जायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि रॉकेल मिसळलं की पेट्रोलचा संयम संपतो हेही खरं. वस्ताद म्हणाले, "भेसळ असंल बी. पर ह्यो टायमिंगचा डाग हाय." अण्णा म्हणाले, "टायमिंग तुम्हीच लावलंय."

वस्ताद काही बोलले नाहीत. माझ्या हातात टॉर्च होता. त्यांनी माझं मनगट धरून उजेड डेल्कोच्या बुडाशी वळवला, अंगठ्यानं तेलकट माती पुसली, आणि वाकून बघत राहिले. बराच वेळ. मग अण्णांकडं एकदा, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि बॉनेट लावलं.

गाडी टोचन करून आणली ती दुसऱ्या गॅरेजला गेली. तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली भिंत तुटून गेली होती. खर्च झाला, आणि अण्णांनी वस्तादांकडं जाणं बंद केलं. घरात पुढची सोळा वर्षं, म्हणजे अण्णा होते तोवर, वस्तादांचा विषय निघाला की एकच वाक्य यायचं, त्यांनी टायमिंग चुकवलं आणि इंजिन गेलं. मीही ते वाक्य लोकांना सांगितलं आहे. चहाच्या टपरीवर, फाउंड्रीत, एकदा तर वस्तादांच्या पुतण्यासमोर.

अण्णा गेल्यावर गाडी माझ्याकडं आली. हेड तेच, ऐंशी थाऊ काढलेलं. मधल्या काळात पेट्रोल किती बदललं! २००० सालापासून त्यातलं शिसं गेलं. साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं झालं. मग इथेनॉल आलं. त्याचा पहिला प्रयोग २००१ मध्ये जिथं झाला त्यांत आपली मिरज होती, मनमाड होतं. तेव्हा कुणाला कल्पना नव्हती की वीसएक वर्षांत पंपावरचा प्रत्येक पाचवा थेंब उसाचा किंवा धान्याचा असेल. आमच्या मामांचा हातकणंगल्याला ऊस आहे. गाळपाच्या दिवसांत मळीचा तो आंबूस-गोड वास इकडं अंगणापर्यंत येतो. मामा म्हणतात, आमच्याच उसावर चालतीय की तुझी गाडी. मी त्यांना गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फुगलेला डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, दाखवला. त्यांच्या उसानं तो खाल्ला होता. रबराच्या नळ्या मऊ पडल्या, पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी धरलेलं इथेनॉल बसलं, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट खरपुडा. नळ्या बदलून व्हायटॉनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घातल्या, डायफ्रॅम बदलला, टाकी आतून साफ केली. तक्रार कुणाकडं करायची? ऊसवाले आपलेच, साखर कारखाना आपलाच, आणि गाडी तर आपलीच.

पण याच इथेनॉलची एक बाजू मला गंमतीची वाटते. त्याचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता ओढून घेतं, आत जाणारा वायू थंड होतो. वीस टक्के मिसळलेलं साधं पेट्रोल आज ९५ ला पोचतं. म्हणजे अण्णांनी १९८७ साली जे हेड घासलं त्याच्या लायकीचं पेट्रोल पंपावर यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. पंपावरचा पोरगा गाडीकडं बघून दर वेळी विचारतो, "काका, शंभरवालं घालू का? जुन्या गाडीला चांगलं असतंय." शंभरवालं लिटरमागं पन्नास रुपयांहून जास्त महाग. मी एकदा घातलं. काही फरक पडला नाही, पडणारच नव्हता. नुसता संयम वाढवून इंजिनाला काय मिळणार? तो संयम वापरायचा तर ठिणगी पुढं सरकवावी लागते, नाही तर शंभर ऑक्टेन म्हणजे रिकाम्या घराला राखणदार. हे लक्षात आल्यावर मला वाटलं, मग ९५ चा संयम तरी का वाया घालवा? डेल्को थोडा पुढं न्यावा.

आणि इथंच मी शेण खाल्लं. स्ट्रोब लाइट पुलीवर धरला की फिरती खूण उजेडात जागच्या जागी थबकते, फार सुंदर दिसतं ते, रात्री तर विशेष. आठशे आरपीएमवर खूण जिथं पाहिजे तिथून चार अंश पुढं थांबवली, नट आवळला आणि हात धुतले. सिगरेटचा कागद नको, डोळे मिटणं नको. पण टायमिंग म्हणजे एक आकडा नव्हे. डेल्कोच्या पोटात दोन वजनं असतात, दोन बारीक स्प्रिंगांनी बांधलेली. इंजिन जसं पळतं तशी ती बाहेर फाकतात आणि ठिणगीला अजून पुढं ओढतात. घाटातून आल्यावर उघडून बघितलं तर एक स्प्रिंग सैल पडून वेटोळी उकलल्यासारखी झाली होती. म्हणजे आठशेला सगळं शहाण्यासारखं, आणि दोन हजारला, नेमकं जिथं घाटात तिसऱ्यावर आपण रेटतो तिथं, ठिणगी केव्हाच उधळून पुढं गेलेली. वर मिश्रण पातळ. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून कार्बोरेटरमधल्या, पेट्रोलच्या हिशेबानं भोक पाडलेल्या जेटमधून येणारं मिश्रण आता साडेआठ-नऊ टक्क्यांनी पातळ पडतं आणि इंजिन तापतं. माझ्या गाडीत १२० चा जेट होता, म्हणजे १.२० मिलिमीटरचं भोक. त्याच्या जागी १२५ चा घातला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. हिशेब असा जुळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. तो मी घाटाच्या आधी का केला नाही हा प्रश्न बायकोनं विचारला, आणि तो रास्तच होता.

स्ट्रोबनं दोन हजारला बघितलं असतं तर कळलं असतं. कानानं तर कळायलाच पाहिजे होतं.

मीही फाउंड्रीतच आहे. तिथं वर्षातून एकदा कानांची तपासणी होते. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन घालतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी दर वर्षी सही करून कागद फायलीत टाकत आलो. घाटातून आल्यावर फाइल काढली. आलेखाची रेघ डावीकडं वर, आणि चार हजारांवर विहिरीत पडल्यासारखी खाली. शेवटचा ठिपका आठ हजारांवर, तोही खालीच. मग वर म्हटलं तो घंटेचा हिशेब केला. ६८ मिलिमीटर. आठ हजार. माझी गाडी नेमकी त्या ठिपक्यावर ओरडत होती जिथं मी बहिरा आहे. रेघ एका वर्षात पडलेली नाही. सात-आठ वर्षांचे कागद एकाखाली एक ठेवले तर ती पायरी पायरीनं उतरताना दिसते.

मग अण्णांचं एक वाक्य आठवलं. राधानगरीला आत्याकडं गेलो होतो, बहुतेक ९३ किंवा ९४ साल. रात्री जेवून ओट्यावर बसलो होतो, पाऊस नुकताच थांबलेला, रान नुसतं किर्रर करत होतं. अण्णा सुपारी कातरत म्हणाले, "हल्ली रातकिडे कमी झालेत." आत्या हसली. मला वाटलं चेष्टा करतायत. म्हणजे ९५ च्या घाटात गाडीतल्या कुणाला टाळ ऐकू यायला हवे होते? अण्णांना नक्कीच नाही. मला आले असतील, पण टाळ ऐकून पाय काढायचा हे मला कुठं माहीत होतं, मी तर गाडी ओढतेय म्हणून खूश होतो. आता आठवायला गेलं तर त्या चढणीवर काहीतरी बारीक खुळखुळत होतं असं वाटतं. पण आंब्यांच्या पेट्याही होत्याच की. तीस वर्षांनंतर आठवणीत काहीही वाजवता येतं.

गेल्या रविवारी डेल्को पुरा उतरवायचा म्हणून बूड साफ केलं. रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश, मग चिंधी. छिन्नीची खूण वर आली. वस्तादांचा घाव, रुंद, खोल, कडा गोलावलेल्या. तिथंच थांबलो असतो, पण चष्मा डोक्यावरून खाली आला म्हणून म्हणा, बाजूला अजून एक रेघ दिसली. केसाएवढी. छिन्नीची नव्हे, स्क्राइबरची. पॅटर्न शॉपमध्ये लाकडावर माप ओढतात तशी, एका दमात, न थरथरता ओढलेली. दोन खुणांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, तेव्हा त्याच्या बुडावरचा एक मिलिमीटर म्हणजे क्रँकवर पाच-सहा अंश. पुढच्या दिशेला. असा हात आमच्या घरात एकाच माणसाचा होता.

चिंधी हातात घेऊन मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. सई येऊन विचारून गेली की काही दुखतंय का. वस्तादांनी त्या रात्री उजेड इथंच वळवला होता. त्यांनी ही रेघ बघितली होती. एका वाक्यात ते सुटले असते.

स्प्रिंग आणायला उद्यमनगरात गेलो. वस्ताद कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, गॅरेज आता मुलगा चालवतो. इंजेक्शनच्या मोटरसायकली, लॅपटॉपला जोडलेल्या वायरी. निंबाचं झाड आहे, टायर नाही. "डेल्कोच्या स्प्रिंगा?" तो हसला, आत गेला आणि पानपराग लिहिलेला गंजका डबा घेऊन आला. वस्तादांनी साठवलेल्या. आम्ही दोघांनी बोटांनी ताणून ताणून एक जोडी निवडली. मी म्हणालो, साफ करताना डेल्कोच्या बुडावर दोन खुणा सापडल्या. पुढं बोलायची तयारी करूनच आलो होतो, पण शब्द तिथंच संपले. त्यानं डब्याचं झाकण लावलं. "बा सांगायचे कधी कधी," तो म्हणाला. "टॉर्च तुमच्या हातात होता म्हणं."

पैसे विचारले तर घेतले नाहीत. मी चहाचा आग्रह केला, तेवढा चालला.

काल पहाटे सईला उठवून जोतिबाच्या घाटाला घेऊन गेलो. नवा जेट, जुन्या स्प्रिंगा. ती शेजारी बसली, काच खाली, खरं तर झोपेतच. तिसऱ्या गिअरला, दोन हजारच्या खाली, पूर्ण पाय. "आहे." बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, नट सैल, केसभर मागं. वर जाऊन, वळवून, पुन्हा तोच चढ. "आहे, पण कमी." पुन्हा केसभर. मी मध्येच डोळे मिटून बघितले, गाडी उभी असतानाच अर्थात, काही उपयोग झाला नाही. चौथ्या खेपेला ती काही बोलली नाही. "काय?" "नाही वाजत." "नक्की?" "नाही पप्पा." खाली उतरून बघितलं. डेल्को वस्तादांच्या घावाच्या थोडा पुढं आणि अण्णांच्या रेघेच्या बराच मागं उभा होता. तिथून अजून अर्धा केस मागं घेतला आणि नट आवळला.

इंजिन बंद केलं. ऊन अजून चढायचं होतं, खाली, जोतिबाच्या वाडी रत्नागिरी गावाकडं जाणारी पहिली जीप लांबून दिसत होती, आणि माझ्यासाठी सगळं शांत होतं.

"आता काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"किडे," ती म्हणाली. "खूप आहेत."